बुरुजावरून दिसणारा धूर

एक होता राजा. राज्यात गावं शंभर, पण राजाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा भारी कंटाळा. मग त्यानं काय केलं, एक उंच बुरूज बांधला आणि वर भिवबा नावाचा म्हातारा बसवला. त्याची नजर घारीची. रोज दिवेलागणीला त्यानं बघायचं, कुठल्या गावात चुलीचा धूर आहे, कुठल्या गावात नाही. धूर दिसला की राजा निवांत. नाही दिसला, तर त्या गावाला धान्याच्या गाड्या. हा नेम मात्र कुणाला सांगायचा नाही, बरं का. सांगितला तर लोक चुली विझवतील आणि फुकट खातील म्हणे.

अगदी टोकाच्या करंजटेंभीला भिवबाची एकुलती लेक ताना दिली होती. बाप वरून बघतो, एवढं तिला ठाऊक होतं.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. मग एक बोलणारी टिटवी बुरुजावर आली. म्हणाली, "भिवबा, करंजटेंभीत पेरलेलं उगवलं नाही." भिवबानं राजाला सांगितलं. राजा म्हणाला, "धूर आहे ना? मग झालं." महिन्यानं टिटवी परत आली. "अरे, मुंग्यासुद्धा गाव सोडून चालल्या." म्हाताऱ्यानं कपाळावर हात धरून करंजटेंभीकडं निरखून पाहिलं. पण धूर होता, तानाच्या घरचा तर सगळ्यांच्या आधी. त्यानं मनाची समजूत घातली. तिथंच चुकला बघा. तिसऱ्यांदा टिटवी आली, ती बोललीच नाही. त्या दिवशी धूर नव्हता.

मग गाड्या निघाल्या, पहिल्या गाडीत भिवबाही बसला. वाट नऊ दिवसांची, आणि बैल काही उडत नाहीत. पोचले तर गावात कुत्रं भुंकेना. घरोघरी चुलीवर मडकं, मडक्यात पाणी आणि गोटे. घरात दाणा नाही हे शेजारणीला कळू नये, म्हणून बायका नुसतं पाणी उकळत होत्या. उठायचं बळ सरलं, तेव्हा धूर थांबला.

ताना भिंतीला टेकून बसली होती. भिवबानं पेज करून तिच्या ओठांना लावली. तिला गिळवेना.

"पोरी, चूल कशाला पेटवत होतीस गं? विझू दिली असतीस, तर मी तेव्हाच आलो असतो."

ताना म्हणाली, "आबा, धूर नसता दिसला तर तुमच्या जिवाला घोर लागला असता."

एवढं बोलली आणि गेली.

उरले ते सुखानं राहिले, असं म्हणायचं असतं, म्हणून म्हणते. भिवबा काही राहिला नाही. आता डोळे मिटा. आणि भूक लागली तर सांगत जा रे बाळांनो, लाजू नका. झोपा.