लांब दातांचा पैलवान

या, टेका असे, लहानथोर सगळेच ऐका. फार फार पूर्वी डोंगराआड एक गाव होतं. तिथे देवीचा रथ बैल ओढत नसत. गावचा पैलवान दातांत दोर धरून तो वेशीपासून देवळापर्यंत नेई. आणि पैलवान तरी कसा! नुसता हसला तरी गावाची मान ताठ व्हायची.

वर्षागणिक त्याचे दात लांब दिसू लागले. "आमच्या पैलवानाचे दात अजून वाढतायत," असं लोक पाहुण्यांना मिरवून सांगत. तोही ओठ वर करून दाखवी. दात घासताना रक्त येई, ते तो विड्याच्या रंगात खपवून टाकी. दुखत तर काहीच नव्हतं, मग काळजी कसली?

जत्रा तोंडावर आली. सरावाला दोर धरला, तर पुढचा दात चक्क हलला.  तो गुपचूप गावच्या वैदीणबाईकडे गेला.

तिने हिरड्या चाचपल्या. "दात कसले वाढतात, बाबा? हिरड्या मागे सरल्यात. मुळाशी किटण साचलंय, ते आतून पोखरतंय."

"मग हिरड्या परत आणा."

"गेलेली हिरडी परत यायची नाही. किटण मी खरवडून काढते. तू विडा-तंबाखू सोड, रोज हलक्या हाताने दात घास, अधूनमधून मला दाखवत जा. आहेत ते दात टिकतील. पण यंदा दोर धरलास, तर दात देवळात पोचतील आणि तू वेशीतच राहशील."

"माझं नाव जाईल, बाई."

"मग ठरव काय राखायचं ते," म्हणून तिने औजार हाती घेतलं.

जत्रेला सारं गाव लोटलं. ढोल घुमले. पैलवानाने दोर तोंडापर्यंत नेला, क्षणभर थांबला आणि कमरेला बांधला. लोक कुजबुजू लागले. तेव्हा त्याने ओठ वर केला.

"हे वाढलेले दात नाहीत, उघडे पडलेले आहेत. रक्त यायचं, मी लपवलं. तुमच्यात आणखी कुणाला येतं?"

 मग एका म्हाताऱ्याने हात वर केला, मागोमाग त्याच्या सुनेने, आणि बघता बघता अर्ध्या गावाने.

पैलवानाने कमरेच्या जोरावर रथ देवळात नेला. दुसऱ्या दिवशी वैदीणबाईच्या दारात रांग लागली. पुढे त्या गावचे म्हातारेसुद्धा ऊस दातांनी सोलून खात, आणि "आमच्या पैलवानाने भर जत्रेत तोंड उघडलं" असं छाती फुगवून सांगत.

तात्पर्य: दुखत नाही म्हणून दुखणं झाकू नये, वेळेवर दाखवलं, तर उरलेलं तरी वाचतं.