तीन टनांचा हुक

सोनवडीचे सरपंच बाजीराव थोरबोले यंदा मिरवणुकीतला चित्ररथ स्वतःच्या छोट्या मोटारीनेच ओढणार होते. दरवर्षी रथ ओढणारा ट्रॅक्टर विरोधी गटाच्या सिदोजींचा, आणि त्यांच्यापुढे हात पसरायचे तरी कसे? मोटारीमागे हुक बसवायला ते दस्तगीर वेल्डरच्या दुकानात आले आणि त्यांनी थेट ट्रकच्या जाडजूड हुकावर बोट ठेवलं.

"साहेब, हुक गाडीची ताकद बघून निवडतात," दस्तगीर म्हणाला. "ह्यानं रथ जागचा हलायचा नाही, गाडीचं मागचं तेवढं सुटून येईल."

"मला शिकवतोस? हुकावर तीन टन लिहिलंय, म्हणजे तीन टन ओढणार! बसव, नाहीतर उद्या तुझं दुकान अतिक्रमणात!"

दस्तगीरनं हुक उचलला आणि सरपंचांच्याच कमरपट्ट्यात मागून अडकवला. विजार घसरली. सरपंचांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"रथ बाहेरच उभा आहे, साहेब. सगळी ताकद हुकातच असेल, तर मोटार तरी कशाला? ओढा तुम्हीच!"

दारातले कार्यकर्ते तोंड दाबून हसू लागले. विजार सावरत सरपंच खेकसले, "दात काय काढताय? सिदोजींना फोन लावा!"