महाराजांचा फेटा आणि खिडक्यांच्या काचा

“माझा केशरी फेटा पिवळट दिसतो!” शिरसगडचे महाराज सकाळीच दरबारातल्या चित्रपटाच्या पडद्याकडे बोट दाखवून गरजले. “प्रजेला वाटेल, फेट्याला कावीळ झाली!”

राज्यारोहणाच्या चित्रपटाचे संकलन करणारी सगुणा, रंगारी धोंडिबांची मुलगी, अदबीने म्हणाली, “महाराज, मी स्कोपवर तपासले आहे. रंग कोणता आणि किती गडद, हे त्या यंत्राच्या तबकडीवर ठिपक्यांनी उमटते. ठिपके केशरीवरच आहेत.”

“म्हणजे यंत्र शहाणे आणि मी वेडा?”

“छे, छे! हे कसे होईल?” प्रधानजी तत्परतेने म्हणाले. तत्परता हा त्यांचा एकमेव गुण होता.

सगुणा चित्रपट घेऊन गेली आणि दुपारी परत आली.

“आता लालभडक!” महाराज कडाडले.

“अगदी मिरचीसारखा!” प्रधानजींनी पुस्ती जोडली.

“उद्याची शेवटची संधी! फेटा केशरी दिसला नाही, तर तुझी नोकरी संपली. बापाच्या भट्टीवर कापड बुडवीत बस!”

सगुणाने दरबार न्याहाळला. पूर्वेच्या खिडक्यांना हिरव्या काचा, पश्चिमेच्या खिडक्यांना तांबड्या. धोंडिबा रंगवलेले कापड कधी रंगीत छताखाली दाखवीत नसत, हे तिला आठवले.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या खिडक्यांवर राखाडी कापड ताणले आणि चित्रपट सुरू केला.

“वा! हाच माझा केशरी!” महाराज खुलले.

“साक्षात केशर!” प्रधानजी.

“किती बदल केलास, मुली?”

“चित्रात काडीचाही नाही, महाराज. सकाळी, दुपारी आणि आज, तिन्ही वेळा एकच चित्रपट दाखवला. बदलला तो फक्त खिडक्यांतून पडणारा उजेड.” तिने तिन्ही वेळच्या तबकड्यांचे छाप पुढे ठेवले. ठिपके तसूभरही हलले नव्हते!

महाराजांच्या भुवया चढल्या. “मग माझे डोळे खोटे बोलले?”

“खोटे नव्हे, महाराज. ते या दरबारात वाढलेले आहेत. जसा उजेड पडेल, तसा कौल देतात. यंत्राला मात्र अजून शिष्टाचार शिकवलेला नाही. ते ना खिडकीकडे पाहते, ना आपल्या मुद्रेकडे!”

दरबार गारठला. महाराज सावकाश वळले.

“प्रधानजी, तुम्हीच सांगा, फेटा कोणत्या रंगाचा?”

प्रधानजींनी आधी खिडकीकडे पाहिले. मग महाराजांच्या चेहऱ्याकडे पाहिले. फेट्याकडे पाहायचे मात्र राहूनच गेले!

महाराज इतके हसले, की फेटा डोक्यावरून ढळला. तो त्यांनी सगुणाच्या हाती दिला, तिला चित्रशाळेची प्रमुख नेमले आणि म्हणाले, “ते यंत्र उद्यापासून प्रधानजींच्या शेजारी ठेवा!”