तहानलेला दगड

तुमच्या दारात कुणी रोज घाण लोटली आणि वर तुम्हालाच हसलं, तर तुम्ही काय कराल?

फार जुन्या काळी एका गवळणीवर ही वेळ आली होती. ती एका टेकडीच्या पायथ्याशी, नदीकाठी राहायची. नदीच्या वरच्या अंगाला रंगाऱ्यांची आळी होती. तिथली लुगडी राणीच्या अंगावर जायची आणि रंगाचं उरलेलं पाणी नदीत. नदी कधी तांबडी, कधी निळी. मासे मेले. म्हशी पाण्याला तोंड लावीनात.

गवळण रंगाऱ्यांच्या म्होरक्याकडे, चौधरीकडे गेली. तो म्हणाला, "गवळणबाई, कापड रंगवायचे आम्ही दाम घेतो. तुमची नदी फुकट रंगवून दिली, त्याचं काहीच नाही का?" सगळी आळी खो खो हसली.

मग ती राजाकडे गेली. राजाच्या पदरी एक म्हातारा वैद्य होता. त्याने सांगितलं, की गवळणीच्या टेकडीत एक भुरका दगड आहे, तो रंग पितो. त्याचे खडे हौदात भरून त्यातून पाणी सोडलं, की ते नितळ होऊन बाहेर पडतं. दगडाचं पोट भरलं की तो भट्टीत भाजायचा. रंग जळून जातो आणि दगड पुन्हा तहानलेला होतो. राजाने हुकूम काढला, की रंगाचं पाणी या दगडातून गाळल्याशिवाय सोडू नये. गवळणीने आनंदाने टेकडी खणू दिली.

नदी निवळली. म्हशी पुन्हा पाण्यात डुंबू लागल्या.

पण चौधरीला भट्टीचा कंटाळा. लाकडं फोडा, धुरात बसा, राखेत हात घाला, हे सांगितलंय कुणी? त्याने भरलेला दगड सरळ नदीत ओतला आणि टेकडीतून नवा आणला. पुन्हा ओतला, पुन्हा आणला. टेकडीचा चराऊ उतार जाऊन तिथे खड्डा पडला. नदीतला दगड प्यायलेला रंग हळूहळू ओकू लागला. आणि गवळणीची गाभण म्हैस ते पाणी पिऊन मेली.

गवळण रडली नाही. ती तशीच दरबारात जाऊन उभी राहिली.

चौधरीने हात जोडले. "महाराज, पाणी गाळा असा हुकूम आहे. आम्ही थेंबन्‌थेंब गाळतो. दगडाचं काय करायचं, ते हुकुमात कुठे आहे?"

कारभाऱ्याने हुकूम वाचला. खरंच नव्हतं. राजाने हुकूम बदलला नाही. त्याला सणाची लुगडी हवी होती.

गवळणीचा आवाज चढला नाही. "चौधरी, कापडाचा रंग पहिल्या धुण्यात उतरू नये म्हणून तुम्ही जिवाचं रान करता. दगडातून उतरणारा रंग तुम्हाला कळला नाही, असं सांगू नका. तुम्हाला कळत होतं. कळूनसवरून तुम्ही ओतलंत. आता माझ्या टेकडीचा खडाही तुम्हाला मिळायचा नाही."

ती परतली आणि तिने सगळ्या गवळ्यांच्या म्हशी त्या खड्ड्यात नेऊन बसवल्या. रंगारी कुदळी घेऊन आले. शिंगांची ती रांग पाहून खाली उतरायची कुणाची छाती झाली नाही.

आता चौधरी अडकला. दगडाशिवाय पाणी सोडायचं नाही, हा हुकूम तर होताच. हौद तुडुंब भरले. कुजका रंग आळीतल्या घराघरात शिरला, चुलीपर्यंत गेला. चौधरीची सून तांबड्या चिखलात पाय घसरून पडली. लेकरांनी अन्नाला तोंड लावलं नाही.

चौधरी गवळणीच्या दारात आला. दगड दे म्हणाला, हवं ते माग म्हणाला.

"दगड नदीत आहे," गवळण म्हणाली. "तुम्हीच टाकलाय. वेचा, भाजा आणि वापरा. मला तुमचं काही नको."

ऐका लहानथोरांनो, घाण नजरेआड लोटल्याने संपत नाही. जो ती करतो, त्यानेच ती निस्तरायची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौधरी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दगड वेचत होता, आणि आळीत भट्टी पेटली होती.