चांगूआयचा बांध

फार वर्षांपूर्वी आमच्या खाडीकाठच्या मिठागरात चांगुणा नावाची बाई मीठ ओढायची. आता लहानथोर सगळेच तिला चांगूआय म्हणतात.

तेव्हा मजुरी ठरवायची रीत अशी होती, की मालक एकेकाला ओटीवर बोलवायचा आणि दार लावून घ्यायचा. आधीचा माणूस कमी पैशांत तयार झाला, असं प्रत्येकाला सांगायचा. बाहेर येणारा मान खाली घालून घरी जायचा. कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

गोडं पाणीसुद्धा मालक घोटभरच द्यायचा. एका वर्षी चांगुणेची जाऊ भर उन्हात तहानेने कोसळली, ती उठलीच नाही. मग चांगुणा घरोघर फिरली. यापुढे ओटीवर एकट्याने जायचं नाही, मालकाने बांधावर येऊन सर्वांशी बोलायचं, असं तिने सांगितलं. सगळ्यांनी ते मानलं आणि काम थांबलं.

मालक हसला. म्हणाला, "मीठ दर्या देतो. तुम्ही काय देता?"

असं म्हणतात, की दर्याने ते ऐकलं. पुनवेच्या भरतीला तो असा चढला, की भर दुपारी बांध फुटला. मालक धावत आला. त्याने चांगुणेला बाजूला घेऊन दुप्पट मजुरी देऊ केली, फक्त बाकीच्यांना पाण्यात उतरव म्हणाला.

"शेट, मी एकली किती पानी अडवीन?" ती म्हणाली. "सर्वांना सांगा."

मालक सर्वांकडे वळून मजुरीचं काहीतरी पुटपुटला. मागून म्हातारा मजूर पदू म्हणाला, "शेट, दर्या मोठ्यानं बोलतोय. तुम्ही त्याच्याहून मोठा आवाज काढा."

शेवटी मालक ओरडला. सर्वांना सारखी वाढीव मजुरी, दुपारची विश्रांती, पोटभर गोडं पाणी. ओरडताना त्याचा आवाज फाटला.

मग बायका-पुरुष हातात हात गुंफून पाण्यात उतरले. चांगुणा मधोमध उभी राहिली, जिथे ओढ सगळ्यात जास्त होती. असं म्हणतात, की लाट त्यांच्या छातीपर्यंत आली, थबकली आणि ओहोटीची वेळ व्हायच्या आधीच मागे फिरली. एवढा मोठा दर्या, पण त्याला त्या रांगेत शिरायला फट सापडली नाही.

आजही हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळे मजूर चांगूआयचं नाव घेऊन बांधावर हात धरून उभे राहतात. मालक खाली चिखलात उभा राहून मजुरी सांगतो. रांगेतल्या शेवटच्या माणसाने "ऐकलं" म्हटल्याशिवाय कुणी आगरात पाय ठेवत नाही.