सदतीस किल्ल्यांचं कडं

त्या मुलखात जमीन चालत असे, चरत असे आणि मधूनमधून अंग खाजवत असे. तिच्या केसांत उवांची वस्ती होती. त्यांचे पूर्वज उडत. पण ऊब आणि रक्त दारातच मिळू लागल्यावर पंख गळाले, आणि वस्तीने त्याला प्रगती म्हटलं.

घरोघरी एक भट्टी होती. तिला सदतीस झडपा, सदतीस किल्ल्या, आणि त्या सगळ्या एकाच कड्यात. हे कडं आईकडून लेकीकडे जाई; मुलगे नुसते शेकायला. लेक निघाली की तिच्यासाठी कड्याची नक्कल घडवत. उडण्याच्या काळी एखादी किल्ली वाकडी घडली, तर अख्खं घराणं आभाळातून खाली येई. आता फक्त अंघोळीचं पाणी कोमट होई, त्यामुळे घडवणारेही सैलावले. सगुणाबाईंच्या आजीच्या वेळी कडं तुटलं, तेव्हा ते सांधण्याऐवजी किल्ल्या एक-एक, दोन-दोन, तीन-तीन करून वीस छोट्या कड्यांत ओवल्या. वागवायला सोपं झालं म्हणून कौतुकच झालं.

रीत मात्र जुनीच राहिली: कडं मोजायचं नाही, वाजवून बघायचं.

सगुणाबाईंची मंजुळा निघाली. शेजारची जमीन खांदा घासेल तेवढ्यात पलीकडे जायचं होतं.

“सगळं घेतलंस ना गं?”

“हे बघ, वाजतंय,” मंजुळाने गाठोडं हलवलं आणि उडी टाकली.

जमिनी दूर झाल्या, आणि सगुणाबाईंना कोपऱ्यात एक छोटं कडं पडलेलं दिसलं. त्यात मुख्य झडपेची किल्ली होती. भट्टी पेटली नाही, तर पोर संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकणार नव्हती.

शेजारी एक गोमाशी रक्त पीत बसली होती.

“बाई, पलीकडे जाता का? लेक माझी तिकडे आहे.”

“पायाला धरा, आजी. हलू नका. माझ्या पोटातल्या भट्टीची एक किल्ली सरकली तर दोघी खाली.”

सगुणाबाईंनी डोळे मिटले. वरून, माशीच्या पोटातून, एकाच मोठ्या कड्याचा आवाज येत राहिला.

मंजुळा गारठून बसली होती. एकोणीस कड्यांतल्या किल्ल्या तिने तीनतीनदा लावून पाहिल्या होत्या. विसाव्यातली किल्ली फिरली, आणि बोटभर ज्योत उभी राहिली. सगुणाबाईंनी आधी लेकीचे हात त्यावर धरले, मग पाहुणीकडे वळल्या.

“बसा ना, शेका जरा.”

“नको आजी, सवय लागेल,” म्हणत माशीने पंख उघडले.

त्या वाऱ्याने ज्योत आडवी झाली. मायलेकींनी धावत जाऊन दार लावून घेतलं.