साडेतीन हातांची चौकट

फार पूर्वी वरुणावती नगरीत कुंजरसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व त्याच नगरीत एका सुताराच्या घरी जन्माला आला होता. हात कसबी, बोलणे मोजके. त्याच्या बायकोचे नाव पाटला. ती मात्र दोघांच्या वाटचे बोलत असे. त्यांना वेणू नावाचा पंधरा वर्षांचा एकुलता एक मुलगा होता, आणि ही गोष्ट खरे तर त्याच्या उंचीची आहे.

झाले असे, की राजाचा कदंब नावाचा लाडका हत्ती शेजारच्या मधुमती राज्याच्या राजाने मुलीच्या वरातीसाठी मागून नेला. लग्न झाले, मुलगी सासरी नांदू लागली, तिला मूल झाले, मुलाचे बारसेही झाले. हत्ती काही परत आला नाही. कुंजरसेनाचा तिळपापड झाला. अमात्य प्रगल्भ म्हणाला, "महाराज, हा उघड अपमान आहे. आता युद्ध!"

राजाला युद्ध पटले, पण सैन्य थोडे होते. मग दवंडी पिटली गेली, की घराघरांतून मुलगे सैन्यात द्यावे लागतील. वय विचारावे, तर एकाही आईला मुलाचे वय धड आठवेना. परवाच सोळावे लागले म्हणून पोराला लाडू करून घालणाऱ्या आयासुद्धा हात झटकून सांगू लागल्या, "छे हो, अकरावं चाललंय त्याला!" तेव्हा अमात्याने तोड काढली. साडेतीन हात उंचीची एक चौकट चौकात उभी करायची. ताठ चालत जाताना ज्याच्या डोक्याला वरची पट्टी लागेल तो शिपाई. असे पाचशे हवेत.

ती चौकट करायचे काम बोधिसत्त्वाकडे आले.

इकडे गल्लीगल्लीत पोरांची उंची थोपवायचा उद्योग सुरू झाला. कोणी पोराचे दही बंद केले, कोणी त्याच्या डोक्यावर दिवसभर भरलेला हंडा ठेवला. एका वैद्याने उंची खुंटवणारा काढा विकायला काढला. त्याने पोटे बिघडली, उंची होती तिथेच राहिली. महिन्याभरात नगरीतली सगळी पोरे गुडघे वाकवून, मान खाली घालून चालू लागली. पाटलानेही वेणूला तेच शिकवले. तो अंगणात आला रे आला, की ती ओरडायची, "वाक मेल्या, वाक!"

एके दिवशी दुपारी तिने दोरा घेऊन त्याची उंची मोजली. साडेतीन हात आणि वर एक बोट. तशीच ती तरातरा कामाच्या पडवीत गेली.

"अहो, पट्टी दोन बोटं वर घ्या."

बोधिसत्त्व पटाशीने खाच पाडत होता. "साडेतीन हात सांगितलेत गं."

"कोण मोजायला बसलंय?"

"मी मोजणार आहे ना."

"राजपुत्राचा पलंग या वर्षात दोनदा लांबवून दिलात! त्याला लाकूड वाढवता येतं, आणि पोटच्या पोरासाठी दोन बोटं वाढत नाही?"

बोधिसत्त्वाचा हात थांबला. "हो की. दोनदा लांबवला," तो स्वतःशीच म्हणाला आणि पुन्हा खाच पाडू लागला. पाटलाने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात अमात्याची पालखी दारात आली. पाटला दाराआड उभी राहून ऐकू लागली. अमात्य गोड आवाजात म्हणाला, "हे बघ, पोरं पुरेशी उंच दिसत नाहीत. पट्टी चार बोटं खाली घे. कळणार कुणाला? तुझ्या पोराचं नाव मी यादीत येऊ देत नाही."

पाटलाचा जीव भांड्यात पडला. आता तरी हा माणूस हो म्हणेल, म्हणून तिने दाराची कडी घट्ट धरली.

बोधिसत्त्व म्हणाला, "अमात्य, माप साडेतीन हातांचं आहे. ते वर जाणार नाही, तसं खालीही जाणार नाही."

पालखी गेली. मग पाटला बाहेर आली, आणि तिच्या हातात पळी होती. "वर करत नाही, खाली करत नाही! पोर काय शेजाऱ्याचं जातंय?"

"वर केली तर आपला वेणू वाचेल. मग पाचशे भरायला ते खेड्यातली पोरं धरून नेतील. खाली केली तर बारा-बारा वर्षांची जातील. त्यांनाही आया आहेत, पाटला. आणि सुताराचं मापच खोटं निघालं, तर लोकांनी विश्वास ठेवावा कशावर?"

"मग वेणूला पाठवणार?"

"चौकट सरळ उभी करणार. पुढं रीतीप्रमाणं होईल."

"रीत घाला चुलीत!" असे म्हणून ती रडायला बसली. तिला नवऱ्याचा राग येत होता आणि तो खोटे बोलत नाही हेही तिला कळत होते, म्हणून राग अधिकच येत होता.

सांगितल्या दिवशी चौकात चौकट उभी राहिली. सगळी नगरी लोटली. पोरांची रांग पार वेशीपर्यंत गेली होती, आणि त्यात एकही पाठ सरळ नव्हती. रांगेच्या कडेने शिपाई काठ्या घेऊन उभे होते. वाकून जाणाऱ्याच्या पाठीत काठी बसणार होती. पाटलाने वेणूचा दंड सोडला नव्हता. राजा सिंहासनावर, शेजारी अमात्य आणि सेनापती, आणि चौकटीपलीकडे नावे लिहायला एक म्हातारा लेखनिक बसला होता. तो कामाचा इतका पक्का होता, की लिहिताना कधी मान वर करत नसे.

बोधिसत्त्वाने ओळंबा लावून चौकट तपासली आणि हात जोडले. "महाराज, या चौकटीचे धनी कोण?"

"मीच. दुसरं कोण असणार?"

"मग आमच्या सुतारांची रीत आहे. नव्या चौकटीतून पहिलं पाऊल धन्याच्या मुलानं टाकायचं. ताठ मानेनं. हे माप सगळ्यांना सारखंच आहे. तरी रीत मोडायची असली तर महाराजांनी आत्ताच सांगावं."

कुंजरसेनाला हे बोलणे लागले. "आमच्या घराण्यानं कधी रीत मोडलेली नाही. जयकेतूला बोलवा!"

आता राजपुत्र जयकेतूही पंधराच वर्षांचा. पण बापासमोर आला की तो पाया पडे, वाकून उभा राही आणि वाकूनच मागे सरे. त्यामुळे राजाने आपला मुलगा ताठ उभा असा कधी पाहिलाच नव्हता. त्याची खरी उंची फक्त त्याच्या पलंगाला ठाऊक होती.

राजपुत्र आला. मान ताठ करून ऐटीत निघाला. आणि ठक्क!

शिपायांनी काठ्या खाली घेतल्या. लेखनिकाने मात्र लेखणी बुडवली.

"हं, पुढं या. नाव?"

"जयकेतू," राजपुत्र कपाळ चोळत म्हणाला.

"बापाचं नाव?"

"कुंजरसेन."

"बापाचा धंदा?"

जयकेतूने जरा विचार केला. "राजा."

लेखनिकाने तेही लिहिले. "झाला पहिला. पुढचा!"

मग त्याने आयुष्यात प्रथमच मान वर केली आणि त्याच्या हातातून लेखणी गळून पडली.

राजा सिंहासनावरून उतरून आला. मुलाच्या कपाळावर टेंगूळ आले होते. त्यावर हात ठेवायला त्याला स्वतःचा हात वर न्यावा लागला. "अरे, एवढा उंच कधी झालास तू?" तो म्हणाला.

अमात्य धावत आला. "महाराज, काळजी नको! पट्टी चार बोटं वर घेता येईल."

राजाने सुताराकडे पाहिले.

"घेता येईल, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "पण मग या आया विचारतील, की राजाच्या लेकासाठी वर गेली ती आमच्या लेकरांसाठी का नाही?"

"विचारणार! मी विचारणार!" गर्दीतून पाटला ओरडली.

राजाने रांगेकडे पाहिले. "ही पोरं अशी वाकडी का चालतात?"

पाटला पुढे आली. ती घाबरली होती, पण थांबली नाही. "आम्ही वाकवलीत, महाराज. पोर ताठ चाललं तर आई हरखते. महिनाभर आम्ही आमच्याच पोरांना वाकायला शिकवतोय. दुसरं काय होतं आमच्या हातात?"

राजा तिथेच एका दगडावर बसला. मग बोधिसत्त्वाने हळूच विचारले, "महाराज, हत्ती परत मागायला कोण गेलं होतं?"

राजाने अमात्याकडे पाहिले. अमात्याने सेनापतीकडे पाहिले. सेनापतीने आकाशाकडे पाहिले.

"म्हणजे कोणीच गेलं नाही?" राजा म्हणाला.

"आपलीच वस्तू आपण मागायची, म्हणजे कमीपणा..." अमात्य पुटपुटला. त्याचे वाक्य पुरे झाले नाही, कारण माहूत बोलावला गेला होता आणि मधुमतीला जाण्याची आज्ञा अमात्यालाच झाली होती.

आठव्या दिवशी कदंब झुलत झुलत परत आला. सोबत मधुमतीच्या राजाचा निरोप होता: "न्यायला कोणी येईना, आणि आपण होऊन पाठवला तर तुमची वस्तू आम्हांला जड झाली असं वाटेल, म्हणून संकोच करत बसलो. याला ऊस पुरवता पुरवता आमचे मळे उघडे पडले. आलात, फार उपकार झाले."

राजाने ती यादी फाडली आणि चौकट बोधिसत्त्वाला देऊन टाकली.

बोधिसत्त्वाने ती घरी आणली. आपल्या घराचे जुने ठेंगणे दार काढले, नव्या चौकटीच्या दोन्ही खांबांना जोड दिला आणि ती बसवली. पाटला बघत राहिली. पट्टी चांगली हातभर वर गेली होती.

"मी दोन बोटंच म्हटलं होतं," ती म्हणाली.

"तेव्हा ते माप होतं. आता दार आहे," तो म्हणाला. "चल वेणू, पहिलं पाऊल तुझं."

वेणू सवयीने वाकून निघाला. पाटला ओरडली, "ताठ चाल मेल्या, ताठ!" आणि तिला रडू आवरेना. वेणूने मान वर केली आणि सरळ आत गेला.

आपल्या पूर्वजन्माची एवढी गोष्ट सांगून शास्ते भगवान विहारात जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कुंजरसेन म्हणजे आपले सर्वांत वृद्ध भिक्षू, ज्यांना हल्ली कोणाचीही उंची चटकन दिसते. अमात्य तुमच्यातच बसला आहे. त्याने स्वतःला ओळखले आहे, नाव कशाला घ्या? पाटला म्हणजे रोज भात वाढताना 'पोटभर खा' म्हणून तुम्हांला रागावणारी उपासिका. वेणू म्हणजे तो नुकतीच दीक्षा घेतलेला पोरसवदा श्रामणेर, जो अजून प्रत्येक दारात वाकतो. आणि तो सुतार मी होतो. आपले लेकरू पणाला लागले असतानाही माप खोटे न करणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

श्रामणेर लाजला. वंदन करून तो उठला आणि विहाराच्या दारातून ताठ मानेने बाहेर गेला. दार पुरेसे उंच होते.